तुमच्या भाजीनं नव्हे, दादा

दादा,

१९९६च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता, शाळेच्या मधल्या सुट्टीत मी अचानक घरी आले आणि माझ्याच स्वयंपाकघरात तुम्हाला पकडलं. माझी लेक पाटावर बसलेली, आणि तुम्ही तिच्यापुढं तांदुळज्याच्या भाजीची आणखी एक वाटी सरकवताय. "खा माय, रक्त भरंल."

महिनाभर आधी तिच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. लघवी बंद, अंग सुजलेलं; औरंगाबादला मशीनवर रक्त शुद्ध करावं लागलं. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांनी ती सावरली, घरी त्याच्याच गोळ्या चालू होत्या. तरी तपासणीत रक्त पुन्हा घट्ट होऊ लागलं. डॉक्टर विचारत, पालेभाजी जास्त होते का? मी छातीठोकपणे नाही म्हणायची. आणि कुंभार पिंपळगावहून नातीच्या सोबतीला आलेले तुम्ही, मी शाळेत शिकवायला गेले की पिशवीभर पाला निवडत होता.

मी ओरडले नाही. तुम्हीच मला मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत घातलंत; आवाज न चढवता माणूस सोलायला तिथंच शिकले. "दादा, वावरातलं पाणी बाहेर काढणारी चर बुजली तर काय होतं?"

"कापूस पिवळा पडतो. तुला काय करायचंय कापसाचं?"

"तिच्या मूत्रपिंडाची चर बुजलीय. आणि तुमच्या भाजीनं गोळी लागू पडत न्हाई."

"मंग चर उकरा की. रक्त कशाला पातळ करून राह्यले लेकराचं?"

"गोळी नवा गाळ बसू देत नाही. जुना अंगच उकरतं, हळूहळू. तेवढा वेळ द्या तिला."

तुम्ही वाटी उचललीत आणि उभ्यानंच स्वतः संपवलीत. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, रोज एक मूठ, तुमच्या हातानं शिजू लागली. रक्त ठिकाणावर आलं. दिवाळीनंतरच्या सोनोग्राफीत शिरा मोकळ्या दिसल्या, मूत्रपिंडं कामाला लागली. आज ती दोन लेकरांची आई आहे आणि माझ्याहून जोरात भांडते.

आणि तुम्ही? मरेपर्यंत गावभर सांगत राहिलात, "नात माझ्या भाजीनं उठली." तुमच्या गोष्टीतून डॉक्टर गेले, गोळी गेली, मी गेले, राहिली तुमची भाजी. हे विधान मागे घ्या. लेखी, सहीनिशी, येत्या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत.

हे पत्र टपालात पडणार नाही, मला ठाऊक आहे. आणि गावातल्या बायका अजून तिच्याकडं बघून म्हणतात, आज्यानं वाचवली पोरीला. तेव्हा मी, कुणाचं काही ऐकून न घेणारी, मान हलवून हो म्हणते.