परराज्यातली अवंती

१४ जून

अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा पर्सेंटाइल! अवंतीचा निकाल पाहिला आणि तिचे बाबा स्कूटर काढून गेलेसुद्धा. आले ते खोव्याची जिलेबी घेऊनच. पुण्याच्या त्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मागच्या वर्षी अठ्ठ्याण्णवला नंबर लागला होता, म्हणजे झालंच की! अख्ख्या कॉलनीत वाटली. शेजारच्या सुहासिनीनं मात्र जिलेबी हातात घेऊन ऐकवलं, "पहिले लिस्ट तर येऊ द्या, वहिनी." तिच्या धनेशला नव्व्याण्णवच्या वर आहेत ना, म्हणून हा तोरा! जबलपूरच्या या कॉलनीत मराठी घरं दोनच, आणि त्यातलं दुसरं हे असं.

१७ जून

पुण्याहून भावाचा फोन. "ताई, अठ्ठ्याण्णव महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. तुम्ही परराज्यातले धरले जाता."

परराज्यातले! घरात मराठी, आरत्या मराठी, भांडणंसुद्धा मराठीत – आणि आम्ही बाहेरचे. इथे आम्ही 'मराठी लोग', तिथे जबलपूरवाले. आपण आपल्याच लोकांत चाललोय असं धरून बसलो होतो सगळे, चौकशी करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाहेरच्यांना जागा मोजक्या, गुण जास्त. हे फॅक्टरीतून आले ते मागच्या वर्षीची यादी उघडून बसले. अवंती ताटावरून उठली. "मम्मी, अब क्या करायचं आपण?"

१८ जून

जिलेबीचं कुणी विचारलं की हसायचं. दुसरं काय!

२ जुलै

बाहेरच्यांची यादी लागली. धनेशचं नाव आहे. अवंती – वेटिंग एक.

एक! वरचं कुणीही एक हललं की पोरीचं काम झालं. पण हलतंय कोण? मुलं दोन-दोन कॉलेजांत जागा धरून बसतात, मुदत संपेपर्यंत सोडत नाहीत. मुदत गेली की ती जागा तिथल्याच मुलांना. सुहासिनी जिन्यात भेटली. अभिनंदन केलं. पोटात दुखत होतं, पण केलं.

५ जुलै

ग्वारीघाटावर जाऊन आले. नर्मदामैयाकडे काही मागितलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

भाऊ रोज ऑफिस सुटल्यावर कॉलेजात चौकशी करतो. अवंतीच्या शाळेतल्या सत्यवतीबाईंचा रोज फोन – "बेटा, खाना खाया?" ही माणसं नसती तर मी काय केलं असतं?

९ जुलै

लागला! लागला नंबर!!

सकाळी भावाचा फोन आला. हे चक्क रडले. अवंतीनं मला उचलून गोल फिरवलं – पंचेचाळिशीच्या बाईला! कुणीतरी जागा सोडली म्हणे. कोण कुठला मुलगा, केरळचा की बिहारचा, देव त्याचं भलं करो. रात्री देवापुढे दिवा लावला तेव्हा त्याच्याही नावानं हात जोडले. नाव माहीत नसलं म्हणून काय झालं!

पुन्हा जिलेबी. सगळीकडे स्वतः जाऊन वाटली. सुहासिनीकडे नाही गेले. राहू दे तिला तिच्या लिस्टपाशी.

१८ जुलै

अवंतीची बॅग भरून होत आली. भावाच्या घरीच राहणार आहे. भावजयीनं खोली रिकामी केली, खिडकीला पडदेही लावले. कुणाकुणाचे आभार मानू?

२० जुलै

अवंती धनेशला टाटा करायला गेली होती. तो भोपाळला चाललाय. पुण्याला नाही.

"मम्मी, वो सीट धनेश की थी." भोपाळचं अजून पक्कं झालं नव्हतं, तो दोन्ही धरून ठेवणार होता. सुहासिनीनं समोर बसून पुण्याची सोडायला लावली. "मागे अवंती आहे नं, काहून अडवून ठेवतो?" आणि वर त्याला बजावलं, वहिनींना सांगायचं नाही.

शेजारचंच दार. अजून माझ्याच्यानं जाववलेलं नाही.