रागाचा तास

तीर्थस्वरूप दादांना धाकटीचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? (औषध घेता का, हे विचारत नाही, विचारलेलं तुम्हाला खपत नाही.) माझं म्हणाल, तर शाळेनं मला चित्रकलेवरून उचलून रागावर नेमलंय. मुलांच्या मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून 'भावनांचा तास' निघाला, आणि चित्रकलेच्या बाईंना काम काय असतं, म्हणून ती घोरपड माझ्या गळ्यात आली. तीन दिवस प्रशिक्षणही झालं. (संयमावर बोलताना प्रशिक्षक माइकवाल्यावर असे खेकसले, की माइकची गरजच उरली नाही.)

मी वर्गात शिकवलं, राग आला की दहा आकडे मोजा, मग काय खुपतंय ते शब्दांत सांगा. आठवड्याच्या आत नववीतल्या एका मुलीनं (आम्ही तिला ठिणगी म्हणतो) शेजारणीचा ओठ कंपासपेटीनं फोडला. जाब विचारला तर म्हणते, "मोजले की बाई दहा. शब्दांतही सांगितलं. ती हसली."

यावर प्रशिक्षणात काही नव्हतं.

मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावलं. सद्गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, आणि "मारामारी करतेस?" म्हणत भर कचेरीत तिच्या कानाखाली वाजवली. मुख्याध्यापकांनी लगेच पाणी मागवलं. (वडिलांसाठी. तिच्यासाठी नव्हे.) मी प्रमाणपत्रधारक बाई टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत उभी राहिले. बाहेर व्हरांड्यात ठिणगीनं विचारलं, "बाई, यांचा तास कोण घेतं?"

म्हणून मी शनिवारी पालकांचा तास ठेवला. चाळीस खुर्च्या मांडल्या. दोन आया आल्या. त्यातली एक गणवेशाचं कापड वाटतायत असं समजून. बाप औषधालाही नाही. ठिणगीनं तोच प्रश्न घरी वडिलांना विचारला म्हणे. सोमवारी त्यांनी तिचं नाव शाळेतून काढलं. मुख्याध्यापक म्हणाले, "चला, नववीतल्या मारामाऱ्या थांबल्या. अहवालात लिहून टाका."

मी लिहिलं, दादा.

बाकी सगळं ठीक म्हणायचं.

तुमची,
धाकटी

ता. क. येत्या शनिवारी पुन्हा तास आहे. तुम्ही यावं. पाहुणे म्हणून नव्हे, समोरच्या खुर्चीत बसायला. तुमचा मुलगा घर सोडून का गेला, ते त्यानं मला सांगितलंय.

आणखी एक. हे तोंडावर बोलायला हवं होतं. पण बावन्नाव्या वर्षीही तुमच्यापुढे आले की माझा हात आधी स्वतःच्या गालाकडे जातो.

शेवटचं. वाचून राग आलाच, तर वहिनींवर काढू नये. माझा पत्ता पाकिटावर आहे.