चढावरची चिमणी

बुधवार, ९ जुलै
बायकोशी लेखी करार झाला. आमची बासष्ट सालची चिमणी (छोटी मोटार, दोन दारं, इंजिन शिलाई मशीनपेक्षा थोडं मोठं, बायको तिला डबी म्हणते) रविवारी जेवणाच्या आत, कुणी ओढून न नेता, मेहुणीच्या दारात पोहोचली तर राहील. टोइंग झालं तर विकायची. गिऱ्हाईक तयार आहे. एक हॉटेलवाला. तो तिला लॉनवर ठेवून बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार आहे. माणसं इतकी निर्दय कशी होतात? अंतर चारशे दहा किलोमीटर. पावसाचा अंदाज ‘तुरळक’. काळजीचं कारण नाही.

गुरुवार, १० जुलै
वजनमापं तपासण्याच्या खात्यात वीस वर्षं काढल्याचा आज उपयोग झाला. छोट्या गाडीत सगळा खेळ वजनाचा. ऑफिसातला तपासणीच्या शिक्क्याचा काटा घरी आणला (रीतसर अर्ज देऊन). आईची बॅग नऊ किलो भरली, सहावर आणली. बायकोचा हेअर ड्रायर रद्द. आईलाही काट्यावर उभं केलं. बावन्न. म्हणाली, अरे, मी काय बटाट्याचं पोतं आहे? बायकोने उभं राहायला नकार देऊन आकडा तोंडी सांगितला. मी तो चार किलो वाढवून लिहिला. हा अविश्वास आहे का? बराच विचार केला. नाही, व्यवसायाची सवय आहे. माझं वजन लायसन्सच्या मेडिकल फॉर्मवरून घेतलं. अडुसष्ट. सरकारी कागद आहे, पुन्हा काटा कशाला?

शुक्रवार, ११ जुलै, सकाळी ७.४०
निघालो. ठरलेली वेळ सहा. आईच्या औषधांमुळे उशीर. (खरं लिहायला हवं: औषधं दोन मिनिटं. बॉनेट बंद होईना, त्यात दीड तास.)

दुपारी १२
तुरळक पाऊस धो धो पडतोय. वाइपरची मोटर बसली. वाइपरना माझ्या पायजम्याची नाडी बांधली. एक टोक माझ्या खिडकीतून आत, दुसरं बायकोच्या. एकदा मी ओढायचं, एकदा तिने. सहजीवन म्हणजे हेच, असं म्हणालो. ती म्हणाली, तू पुढे बघ.

संध्याकाळी ५
९६ किलोमीटर झाले. ठरवले होते दोनशे. चष्म्यावर वाफ धरते म्हणून स्टिअरिंग तात्पुरतं बायकोकडे दिलं आहे. मी नकाशा बघतो. अवघड काम ते. स्टिअरिंग काय, कुणीही धरतं. दोनदा चुकलो, पण दुसरा चुकलेला रस्ता फार सुंदर होता.

शनिवार, १२ जुलै, सकाळी ११
पहिला मोठा चढ. चिमणी निम्म्यावर थांबली आणि हळूहळू मागे यायला लागली. पायथ्याशी टोइंगवाला आमच्याकडे मोठ्या मायेने बघत होता. प्रसंग ओळखून मी छत्री घेऊन खाली उतरलो. गाडी भुर्रकन वर! मी चालत पोहोचलो तोवर दोघींचा चहा संपला होता. निष्कर्ष: इंजिन तापलं होतं, थांबल्यावर निवलं.

दुपारी ३
तिसरा चढ. तिसऱ्यांदा पायी. निष्कर्ष तोच. बायको म्हणाली, तू उतरलास की बरं निवतं लगेच!

दुपारी ४.३०
गॅरेज. गॅरेजवाल्या काकांनी इंजिन पाहिलं. म्हणाले, ठणठणीत आहे हो, काय जपलंय! ऊर भरून आला. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि भंगार तोलायच्या काट्याकडे बोट दाखवलं. साहेब, जरा उभे राहता?
एक्क्याण्णव.
अशा काट्यांवर शिक्का नसतो, हे मी लक्षात आणून दिलं. काकांनी शिक्का दाखवला. यंदाच्या मार्चचा. ओले बूट काढून पुन्हा उभा राहिलो. नव्वद. आई म्हणाली, आणि माझी बॅग उपसत होतास!
पुढचे चढ याहून उभे आहेत. काका म्हणाले, एक तर गाडी ओढून न्या, नाहीतर साहेबांना बसने पाठवा. बायको म्हणाली, ओढायची काही गरज नाही, मी नेते चिमणीला. ती ‘चिमणी’ म्हणाली, डबी नाही! मी सामानासकट उतरलो. गाडी पोहोचली पाहिजे, एवढंच करारात आहे. मालकाबद्दल अवाक्षर नाही. मसुदा माझाच. याला दूरदृष्टी म्हणतात.

रविवार, १३ जुलै, दुपारी २.१५
बस उशिरा आली. चिमणी अकरापासून मेहुणीच्या दारात उभी. जेवणं आटोपली होती. बायको साडूंना चोक किती ओढायचा ते दाखवत होती. हॉटेलवाल्याला तिने स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं. चिमणी राहिली! मी जिंकलो.
किल्ली मागितली. म्हणाली, राहू दे माझ्याकडेच. परतीला मेहुणीही येणार आहे. हौसेने. वजन पंचावन्न, स्वतःहून सांगितलं तिने. माझं बसचं तिकीट काढून झालं आहे.
मोठ्या मनाने बसलो आणि परतीच्या चढांसाठी बायकोला चार पानं सूचना लिहून दिल्या. आईने त्या चुरगाळून माझ्या ओल्या बुटांत कोंबल्या. म्हणाली, उद्यापर्यंत वाळतील.