झाडामागचे मासे

३ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीचं तसंच आहे. डॉक्टर हल्ली औषध बदलत नाहीत, नुसती चौकशी करून जातात. त्यावरून काय ते समज. खोली एकच, आणि तिच्या पलंगाला लागून माशांची पेटी. पेटीतला पाणी गाळायचा फिल्टर दिवसभर खडखडतो. मामी म्हणते, डोक्यात सुतार बसलाय. पेटी बाहेर नेऊ म्हटलं तर माझ्यावरच उखडली. ते पाच मासे हीच तिची करमणूक. म्हणते, माझ्याआधी ते जायला नकोत, तेवढं बघा.

फिल्टर मी तीनदा उघडून पाहिला. घड्याळ असतं तर तेल घातलं असतं. तू माशांच्या दुकानात बसतेस, बिनआवाजाचा एखादा सुचव. फोनवर बोललो की तिला सगळं ऐकू जातं, म्हणून लिहितो. चौथीपर्यंत शिकलेल्याचं अक्षर गोड मानून घे.

तुझा मामा


८ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबत स्पंजचा फिल्टर पाठवते. त्याचा हवेचा छोटा पंप घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. हलकी बुडबुड येईल, तेवढीच.

एक मात्र नीट वाचा. जुना फिल्टर लगेच काढू नका. त्यात साठलेल्या काळ्या गाळातले बारीक जंतूच पाणी चांगलं ठेवतात. नव्यात ते तयार व्हायला महिना लागतो. तोवर दोन्ही चालू हवेत, मामी कितीही कुरकुरली तरी. तुम्ही घाई करणार, मला माहीत आहे, म्हणून खाली दोन रेघा ओढल्यात.

मामीला नमस्कार. माझी आठवण ठेवा.

तुमची चिमणी


२१ जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

रागावू नकोस. तुझ्या दोन रेघा मी पाहिल्या होत्या. पण सारा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. नवा भाग बसवला की जुना काढायचा, एवढंच हाताला ठाऊक. त्यात तिच्या कपाळावरची आठी बघवेना. पहिल्याच दिवशी जुना काढला, ब्रशने लख्ख घासला, डब्यात ठेवला. खोली शांत झाली आणि ती किती दिवसांनी हसली.

काल तिसरा मासा गेला. पाणी बदलतोय, काही उपयोग नाही. पेटीतलं झाड मी पुढे सरकवलंय. तिला सांगितलं, मागे लपून बसलेत, आळशी झालेत.

आणखी एक. आता तिचा श्वास ऐकू येतो. मध्येच थांबतो. मी मोजत बसतो. माझा हात कुठे पोचत नाही.

तिला यातलं काही कळवू नकोस.

मामा


२४ जून

चि. चिमे,
आशीर्वाद.

नर्सबाईंकडून लिहवून घेते, हे बाजारात गेलेत. मासे मेले ते मला ठाऊक आहे. पडून असले तरी डोळे उघडे आहेत. हे मेलेला मासा मुठीत लपवून नेतात आणि येऊन मला आळशी माशांच्या गोष्टी सांगतात. आयुष्यात धड एक थाप मारता आली नाही या माणसाला. मी हं म्हणते.

तू त्यांना बोलू नकोस. फक्त एक कर. ती शांतता मला सोसते, त्यांना नाही. माझा श्वास अडला की हेही श्वास धरून बसतात. आज बळेच बाजारात धाडलं, एरवी बाहेर जातच नाहीत, जेवण समोर तसंच राहतं. जुना फिल्टर परत लावा, माशांना हवाच, असं तुझ्या नावाने लिही. दुकानवालीचं ऐकतील.

माया आहेच, वेगळी काय लिहू.

मामी


२ जुलै

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे जुना लावला. पहिल्यासारखाच खडखडतो. नवल म्हणजे तुझी मामी एका शब्दाने कुरकुरली नाही. उलट म्हणाली, बरं वाटतं, घरात काहीतरी चाललंय. आता तिचा श्वास ऐकू येत नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, याची लाज वाटते.

डॉक्टर काल चौकशीलाही बसले नाहीत.

आज सकाळी शेवटचा मासा गेला. म्हणजे पेटीत आता नुसतं पाणी आणि झाड. पण फिल्टर बंद करायचा नाही असं तू लिहिलंस, म्हणून दोन्ही चालू ठेवलेत. मगाशी तिने विचारलं, मासे काय करतात? मी म्हटलं, झाडामागे आहेत. म्हणाली, असू देत, त्यांना उठवू नका.

जमेल तेव्हा दोन ओळी टाक.

तुझा मामा