रात्रीचं घड्याळ बयाबाईकडे

३ सप्टेंबर

गौरी गेल्या, गणपती गेले, मुंबईकर गेले. घर पुन्हा माझं! फक्त डाव्या मनगटावर हे एक मागे राहिलं.

स्मार्टवॉच म्हणे. दिशाने जाता जाता बांधलं. लहानपणी मी तिला काजळ घालायचे ना, तसंच — धरून, हलू न देता. ते पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोप मोजतं आणि सगळं तिकडे डोंबिवलीला लेकीच्या फोनवर दिसतं. माझ्याकडे तिने तिचा जुना फोन ठेवलाय, घड्याळाला सोबत म्हणून.

कारण काय, तर जुलैत भातलावणीला चक्कर आली. मी बांधावर बसले. बसले — पडले नाही! पण शेजारच्या बयाबाईने फोन केला तेव्हा मी पडले होते, आणि दिशाच्या कानापर्यंत जाईतो बेशुद्धही झाले होते. तेव्हापासून पोरीचं एकच. 'आई, सासष्ट वय झालं तुझं. बाबा नाहीत आता. कापडे गावात एकटी नको.'

शेवटी तह झाला. देवदिवाळीपर्यंत घड्याळ काढायचं नाही. आकडे चांगले आले तर इथेच राहायचं. नाही आले तर शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि डोंबिवली. कायमचं. 'बोल, कबूल?' कबूल म्हटलं. करते काय!

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर मला एक खिडकी मिळणार आहे. मागे गेले होते तेव्हा कौतुकाने दाखवली होती. समोर दुसऱ्या कोणाची तरी खिडकी आहे.

५ सप्टेंबर

माळावरून गवताचे तीन भारे आणले. चढ, उतार, चिखल. अंग मोडून आलं. संध्याकाळी घड्याळात बघते तर पावलं — सहाशे चाळीस!

लगेच फोन. 'आई, दिवसभर बसून होतीस का? बरं वाटत नाहीये?'

भारा डोक्यावर, दोन्ही हात भाऱ्याला. हात हलला नाही म्हणजे बाई चाललीच नाही, असं या शहाण्याचं मत.

६ सप्टेंबर

सहा भाकऱ्या थापल्या. चारशे बारा पावलं झाली! चुलीपुढून उठले नव्हते.

९ सप्टेंबर

रोज चार भाकऱ्या जास्त थापते. म्हशीला चालतात. शिवाय दुपारी ओट्यावर बसून नुसता हात हलवते. येणारे-जाणारे हात करतात, मी पण करते. दिशा खूश. 'आई, आज सात हजार! वा!'

११ सप्टेंबर

'उठा, थोडं चाला' म्हणतं. उभीच होते मेल्या!

१८ सप्टेंबर

पावलांचं जमलं. ठोके मुळातच ठीक आहेत. अडलंय ते झोपेवर.

हे गेल्यापासून तीनला जाग येते ती येतेच. पडून राहते. पण घड्याळाला पडून राहिलेलं चालत नाही. आज झोप तीन तास पन्नास मिनिटं, शंभरपैकी एकेचाळीस गुण. दिशा म्हणाली, 'असंच राहिलं तर मला विचार करावा लागेल हं आई.' तिचा विचार म्हणजे ती खिडकी.

अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. वजनं, उंची, हजेरी — रजिस्टर कसं भरायचं ते मला कोणी शिकवायला नको. पर्यवेक्षिका यायची, वही बघायची, चहा प्यायची, जायची. पोरांकडे बघायला तिला वेळ कुठे असायचा! दिशासुद्धा वहीच बघतेय. मग भरू की वही.

२१ सप्टेंबर

बयाबाईला विचारलं. आमची भिंतीला भिंत, त्यामुळे काही लपत नाही तिच्यापासून.

'बयाबाय, तुला झोप कशी लागते गो?'

'मला? आडवी झाली का गेली. ह्ये पन तसंच. उशाला ढोल वाजवा, उठायचं नायत.'

मग सगळं समजावलं. रोज जेवणं झाली की घड्याळ तिच्याकडे, सकाळी चहाला येताना परत माझ्याकडे. चहा माझा. ती इतकी हसली की चुलीतला धूर तोंडात गेला. म्हणाली, 'आन पोरीला कळला तर?' म्हटलं, डोंबिवलीहून हात कोणाचा ते थोडंच दिसतं!

२२ सप्टेंबर

झोप सात तास चाळीस मिनिटं. गुण अठ्ठ्याऐंशी! शाळेत मला कधी एवढे पडले नव्हते.

दिशा तर उडीच मारायची बाकी. 'आई! काय केलंस काय?' हळदीचं दूध घेतलं म्हटलं.

४ ऑक्टोबर

भिकाजीभाऊ — बयाबाईचे यजमान — ओट्यावर विडी ओढत बसले होते. घड्याळाकडे बघून म्हणतात, 'वैनी, आज हाताला बांधलान, उद्या पोरगी गळ्यात घंटा बांधील हां, म्हशीवानी.'

'बांधील तेव्हा तुमच्या गळ्याचं माप देईन,' म्हटलं.

हसले, हसता हसता दम लागला. विडी सोडा म्हटलं तर उलट मलाच विडी देऊ केली. या माणसाने जन्मात दवाखान्याची पायरी चढलेली नाही. सांगतात पण असं, जसं काही बक्षीस मिळालंय.

२८ ऑक्टोबर

काय दिवस गेला! हसावं की रडावं कळत नाही.

भात झोडायला घेतलं. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची. तिसऱ्याच तडाख्याला घड्याळ थरथरायला लागलं. 'तुम्ही जोरात पडलात असं दिसतं. मदत हवी आहे का?' माझ्या हातात पेंढी, उत्तर कुठल्या हाताने देऊ? दिला चौथा तडाखा. त्याने परस्पर दिशाला कळवलं — आई पडली. परत पडली. परत पडली!

माझा फोन भाताच्या ढिगावर, तोही पेंढ्याखाली गेलेला. बयाबाईचा घरात. मग दिशाने पोलीसपाटलांना लावला. अर्ध्या तासात पाटील मोटरसायकलवर हजर, मागे पेटी घेऊन उपकेंद्रातल्या नर्सबाई. वाटेतले चार-सहा लोक नुसतेच मागून आले. मी उभी, घामाघूम, अंगभर भाताची कूस. पाटील म्हणतात, 'बाई, तुम्ही तर उभ्या हाव!' म्हटलं आलाच आहात तर चार पेंढ्या झोडा. झोडल्या बिचाऱ्यांनी!

दिशाला फोन केला तेव्हा मी हसतच होते. ती म्हणाली, 'हसू नकोस गं आई. ऑफिसात जिन्यात बसले होते मी.'

तेव्हा वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

८ नोव्हेंबर

दिशाचा फोन. आवाज वेगळाच. 'आई, घड्याळाने सूचना दिलीय. रात्री ठोके अनियमित पडतायत तुझे. या आठवड्यात चार वेळा. छातीत धडधडतं का?'

म्हटलं, आत्ता धडधडतंय तुझ्यामुळे.

'थट्टा नको. सोमवारी येते मी. महाडला डॉक्टरांना दाखवायचंच.'

फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं. रात्रीचे ठोके — ते माझे कुठे आहेत?

१० नोव्हेंबर

दिशा सकाळी वीर स्टेशनवर उतरली, तिथून रिक्षाने महाड. मी एसटीने गेले. डॉक्टरांनी ईसीजी काढला, कागद वर-खाली बघितला. 'आजी, तुमचं हृदय ठणठणीत आहे.' आजी म्हणाल्याचा राग आला, पण तेवढाच.

स्टँडजवळ जेवायला बसलो. दिशाने माझा हात हातात घेतला. 'मीच उगाच घाबरते. तुझी झोप सुधारली, चालतेस, हृदय चांगलं आहे. राहा तू इथेच. देवदिवाळीची वाट नाही बघत, आजच सांगते.'

जिंकले मी! पण रात्रीचे ठोके बयाबाईचे, हे काही सांगितलं नाही. ती गाडीत बसेपर्यंत बोलले नाही.

११ नोव्हेंबर

घड्याळ बयाबाईला दिलं नाही. चार्जिंगला लावलंय म्हटलं. दिवसभर तिच्याकडे बघत होते. भारा घेऊन आली, घाम पुसला, हसली.

१२ नोव्हेंबर

एक गोष्ट मी कधीच कुठे लिहिली नव्हती. अंगणवाडीत असताना एका पावसाळ्यात वाडीवर वजनकाटा न्यायचा कंटाळा केला आणि चांगू नावाच्या पोराचं मागच्या महिन्याचं वजन तसंच पुढे उतरवलं. बारा दिवसांत पोराला महाडला सलाईनवर ठेवावं लागलं. वाचला. आज ट्रक चालवतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. प्रत्येक वेळी मला तो आकडा आठवतो. त्याला काहीच ठाऊक नाही.

सकाळी चहा ठेवायच्या आधीच बयाबाईला सांगितलं. तुझ्या ठोक्यात काहीतरी आहे, दवाखान्यात चल.

'मला? कालधरनं चार भारं आनलंय मी! मला काय व्हतंय?' खूप हसली. मग पदराशी चाळा करत बसली. घाबरली असणार.

१३ नोव्हेंबर

दिशाला सांगून टाकलं.

ती म्हणाली, 'म्हणजे पन्नास दिवस मी बयाकाकींची झोप बघत होते?'

'हो.'

'आणि हळदीचं दूध?'

'ते पण नव्हतं.'

एरवी हसली असती. 'आई, सकाळी डोळे उघडले की मी आधी ते बघायचे. तू नीट झोपलीस हे बघून मग उठायचे मी.' रडत होती. 'आता तू काहीही सांग, मला खरं नाही वाटणार. देवदिवाळीला मी आणि अक्षय गाडी घेऊन येतो. तयारी करून ठेव.'

जावई पण येणार, म्हणजे ठरलंच. बरोबर आहे तिचं.

१५ नोव्हेंबर

बयाबाईला ओढत महाडला नेलं. एसटीत एक शब्द बोलली नाही. ही बाई, आणि गप्प! ईसीजी काढला. कागद स्वच्छ. एकदम स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, अशी घड्याळं कधी कधी चुकतात, मनावर घेऊ नका.

दिशाला कळवलं. वाटलं, आता तरी विरघळेल. म्हणाली, 'घड्याळ बिघडलेलं असेल आई. पण तू खोटं बोललीस ते तर शाबूत आहे ना?'

म्हणजे कोणाला काही झालेलंच नव्हतं. उगाच खरं बोलले आणि घर घालवून बसले. चुलीपुढे बसून रडले. लिहूनच ठेवते — रडले.

१९ नोव्हेंबर

बांधाबांध. नेण्यासारखं फार नाही, सोडवत नाही असंच सगळं. शेत अर्धेलीने, अर्ध्या पिकाच्या बोलीवर दिलं. म्हैस बयाबाईच्या गोठ्यात, तिच्या म्हशीशेजारी बांधली. दावं हातात देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हटलं, हिला माझ्याहून जास्त लागलंय.

दिशासाठी नवे तांदूळ घेतले, दहा किलो. राग गेला तर खाईल.

२१ नोव्हेंबर, देवदिवाळी

भिकाजीभाऊ महाडला दवाखान्यात आहेत. ठोके असे चुकले की रक्ताची गुठळी होते, आणखी उशीर केला असता तर अर्धं अंग गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

झालं ते असं. गाडी दारात, पिशव्या डिकीत, अक्षय गाडी चालू करून बसलेला. एवढ्यात बयाबाईने येऊन माझा हात धरला. 'गो शर्मिला, मी येक दिवस पन ता घड्याळ घातला नाय गो. त्याचा उजेड डोळ्यात यायचा. ह्ये झोपलं का ह्यांच्या हाताला बांधायची. ह्यांना सांगतंय दवाखान्यात चला, तर ह्ये आयकत नायत. आन तुला सांगायला तोंड नव्हता मला.'

दिशा मागेच उभी होती. तिने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढलं, ओट्यावर बसलेल्या भिकाजीभाऊंच्या हाताला लावलं, ठोक्यांचा आकडा बघितला आणि माझ्या पिशव्या भराभर खाली उतरवायला लागली. भाऊ म्हणाले, मला काय झालाय! बयाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली, 'बसा म्हंतंय ना!' गाडीत बसले. ती पण चढली. मी चढायला गेले तर दिशाने दार लावून घेतलं.

'आई, राहा तू इथेच. दोन्ही म्हशींचं कोण बघणार? आणि फोन जवळ ठेव, मी तुला कळवत राहीन.'

दर तासाला कळवते आहे. दोन्ही म्हशींचं दूध काढलं. मग पिशव्या उघडून भांडी परत फळीवर लावली.