अव्वाचं खळं

मुक्काम शेत, ता. उदगीर,
जि. लातूर
१९ मे १९८६

चि. मल्लिकार्जुन,

नीलम्माक्काचा तुला, रत्नम्माला आणि लेकरांना आशीर्वाद. नांदेडला नळाला पाणी येतं का? अप्पा आहेत तसे आहेत.

पत्त्यात लातूर लिहायला अजून सवय झालेली नाही. चार वर्षं होत आली, तरी हात आधी उस्मानाबादकडेच वळतो. पाऊस दोन वर्षं नीट नाही. टँकर आला की रांगेत घागरी आधी पोचतात, माणसं मागून. नव्या जिल्ह्याच्या जीपा मात्र सारख्या येतात. परवा एक दाराशी थांबली तर अप्पा बाजेवरून म्हणाले, "जिल्हा नवा केला, पर पाणी जुन्याच जिल्ह्यात राह्यलं की हो!" ड्रायव्हरसुद्धा हसला.

जीपमधून उतरले ते भूजल खात्याचे साहेब, भुजंगराव नावाचे, बिलोलीकडचे. आपल्या विहिरीला किती पाणी उरलंय ते मोजायला आले होते. मी पायऱ्यांवर उभी होते. भिंतीत काळ्या खडकाच्या मधून तो तांबडा पट्टा गेलाय ना, त्याच्यावर त्यांनी हात ठेवला. म्हणाले, "ताई, खालचा काळा खडक आधीचा. तो थंड झाला, उन्हापावसानं झिजला, त्याची ही माती झाली. मग वरून दुसरा तापलेला लाव्हा आला नि माती भाजून निघाली. म्हणून तांबडी."

"म्हणजे जे खाली ते जुनं. गोधड्यांच्या चवडीसारखं."

"हाव, तसंच. फक्त मधली कुणी ओढून काढलेली नसावी."

मला चवडीवर चढून झोपणारा तू आठवलास. आणि आपल्या आईचं, अव्वाचं खळं आठवलं. ओल्या शेणाच्या सारवणावरून तू मुद्दाम पळायचास, पावलं उठायची आणि ती केरसुणी घेऊन तुझ्यामागे धावायची. "मल्ल्या, ज्वारी काय तुझ्या पावलांत मळू?" पुढं पावलं बुजवायला बसली की मात्र एखादं तसंच ठेवायची. मी पाहिलंय. मला वाटायचं, माझं का नाही ठेवत.

आता मुद्द्याचं लिहिते.

बांधाच्या कडेनं चर खणायचं सरकारी काम निघालंय, पाणी अडवायला. मजुरांना काय ठाऊक. खणत खणत ते अव्वाच्या समाधीच्या जागेच्या कडेला लागले. मातीत तिच्यासोबत पुरलेली पांढरी विभूती दिसली म्हणून त्यांच्यातली केवळाबाई ओरडली, "अक्का, हितं इभूत हाय!" मी धावत गेले आणि काम थांबवलं. अव्वाला धक्का लागलेला नाही. फक्त खड्ड्याची एक बाजू चराच्या भिंतीत उघडी पडली.

तू त्या उन्हाळ्यात, बहात्तरच्या दुष्काळात, कॉलेजातून आलास तेव्हा तिला माती देऊन झाली होती. मी उदगीरहून आले तीही उशिराच. आपल्यात त्याच दिवशी मातीत बसवतात, कोण कुणासाठी थांबणार. तू पाहिलंस ते मीही पाहिलं, तिच्या जागेवर विहिरीतला तांबडा मुरूम. तू सगळ्यांसमोर अप्पांना म्हणालास, "विहिरीचा कचरा टाकायला आईचीच जागा सापडली का?" ते काही बोलले नाहीत. तू गेलास. त्यानंतर आला नाहीस. मलाही वाटत राहिलं की तांबडं वर आहे म्हणजे ते शेवटी पडलं, आणखी काय असणार.

भुजंगराव तिथंच होते. मी त्यांना चरात उतरायला लावलं, कशासाठी ते न सांगता. ते बराच वेळ बसून बघत होते. मग म्हणाले, "हा तांबडा थर ओतलेला नाही. ठोकून, चोपून, वरून सारवलेला आहे. आणि बघा, तो सरळ येतो, इथं एकदम तुटतो, खड्ड्याच्या पलीकडं पुन्हा सुरू होतो. जे तुटलं ते आधीचं. ज्यानं तोडलं ते नंतरचं. खडकालासुद्धा हाच नियम लागतो."

मी म्हटलं, "पण वरती तांबडं होतं. आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

"खड्ड्यातनं निघालेलंच परत वर लोटलं असेल. हे बघा, खोल मातीतसुद्धा सारवलेल्या थराचे तुकडे आहेत. थर आधी नसता तर तुकडे खाली आले कुठून?"

मल्लू, ते खळं होतं. अव्वाचं.

घरी येऊन अप्पांना विचारलं. आधी भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाले, "लई हौस तिला. चिपटंभर ज्वारी न्हाई घरात, आन विहिरीतला मुरूम पाटीनं वाहून खळं करून राह्यली. म्हने, खळं तयार दिसलं की पीक लाजून तरी येईल. सारवून झालं आन तिसऱ्या दिवशी गेली. मग तिला दुसरीकडं कुठं बसवू? तिचंच खळं फोडलं. माझ्या हातानं फोडलं."

"मग त्याला सांगितलं का नाही अप्पा?"

"त्याला तसं वाटलं ना? बापाबद्दल ज्या लेकराला तसं वाटू शकतं, त्याला काय सांगू?"

मी म्हणाले, "त्याची आई गेली होती. तेव्हा कुणाला काय वाटेल त्याचा नेम असतो का?"

ते डोळे मिटून पडले. शेतात पुन्हा खळं का घातलं नाही, दर वर्षी शेजाऱ्याच्या खळ्यावर का जायचे, ते मला आत्ता कळलं. मी त्याला कंजूषपणा म्हणायचे.

सुरुवातीला लिहिलं की अप्पा आहेत तसे आहेत. तसं नाही. पायांवर सूज आहे, अन्न जात नाही. उदगीरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. काल त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कुठं बसवायचं ते सांगितलं, तिच्या उजव्या अंगाला, चराकडून नको. तुझं नाव घेतलं नाही. पण सकाळी विचारतात, "नांदेडची गाडी किती वाजता येती गं?" मी सांगते. दुपारी पुन्हा विचारतात.

चर मी अजून बुजवू दिलेला नाही. तू एकदा स्वतः खाली उतरून बघावंस, तो तुटलेला थर बोटानं चाचपावास, मग माती लोटू. पण आधी घरात ये. अप्पा काही विचारणार नाहीत. तूही काही बोलू नकोस, नुसता बाजेवर पायथ्याशी बस.

पत्र पोचेल त्या दिवसाची गाडी धर.

तुझी
नीलम्माक्का