सतरा वॉर्निंगा

पिंप्राळा, जळगाव
८ मार्च १९९८

ती. पुष्पाअक्कास,
लीलाधरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. ऊन आत्ताच तापायला लागलंय. आईचा गुडघा कमी दुखतो. तू मागितलेल्या कुरडया तिने करून ठेवल्यात. भाऊजींना शिंदखेड्यात काही काम लागलं का?

अक्का, या आठवड्यात एक गंमत झाली. शेठनी केळी पिकवायच्या थंड खोल्यांसाठी नवा संगणक घेतला. खोलीतलं तापमान एका कार्डावर येतं आणि ते संगणकापर्यंत पोचवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, माझा. नव्या संगणकावर चुकून मी त्याची पहिली प्रत चढवली, तर पडद्यावर सतरा वॉर्निंगा. म्हणजे चूक नाही, पण 'इथे एकदा बघ' असं सांगणं. गेल्या वर्षी याच सतरा मी घालवल्या होत्या. या वेळी वाटलं, हा सतरा वेळा सांगतोय तरी काय?

दोन दिवस तेच खूळ. कार्डावरचा आकडा संगणकाच्या मेमरीत एका ठरलेल्या जागी दिसतो. बाकीच्या जागी आपण ठेवू तेच राहतं. ही एक जागा मात्र बाहेरून बदलते, आणि तसं सांगणारा एक शब्द प्रोग्रॅममध्ये लिहावा लागतो. मी तो काही ठिकाणी लिहिला होता, काही ठिकाणी विसरलो होतो, म्हणून वॉर्निंगा. गेल्या वर्षी विसरलेल्या जागी लिहायचा सोडून, होता तिथूनही मी तो काढून टाकला. वॉर्निंगा गेल्या. शिवाय प्रोग्रॅम जलद चालावा म्हणून एक सोय चालू केली.

मग काय होत होतं ते बघावं म्हणून गेल्या वर्षीचीच प्रत चालवली आणि तापमान मोजायची तार चहाच्या कपात बुडवली. पडद्यावर २९. चहातून वाफ निघतेय आणि आकडा २९! संगणक एकदाच वाचायचा आणि 'हे काही बदलत नाही' समजून दिवसभर तेच दाखवायचा. मग पहिल्या प्रतीत सतराही ठिकाणी शब्द नीट लिहिला आणि तार पुन्हा बुडवली. २९, ४१, ५८. मी खुर्चीवरून उठून एकटाच हसलो.

मग खाली बसलो.

अक्का, तो श्रावणातला दिवस. भाऊजी त्या खोल्या सांभाळायचे. दुपारी गारव्याचं मशीन बंद पडलं. त्यांनी मॅनेजर जीवरामभाऊंना सांगितलं, "खोली गरम शे, हात लाईसन देखा." जीवरामभाऊंनी पडद्यावर सोळा, म्हणजे हवं तेवढंच तापमान, बघितलं आणि मला फोन केला. मी म्हणालो, "संगणक खोटं बोलत नाही." दुसऱ्या सकाळपर्यंत सगळी केळी काळी पडली. पडद्यावर सोळाच होतं, म्हणजे मशीनचा दोष नाही, रात्री दार उघडं ठेवलं असेल, असा ठपका भाऊजींवर आला. शेठसमोर मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच बोललो. भाऊजींनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि काम सोडून निघून गेले.

आजवर तुला सांगितलं नाही ते आता सांगतो. शेठसमोर उभा असताना त्या सतरा वॉर्निंगा मला आठवल्या होत्या. समजल्या नव्हत्या, पण आठवल्या होत्या. एक कप चहा आणि पाच मिनिटं लागली असती.

काल शेठ आणि जीवरामभाऊंसमोर चहाचा कप ठेवून सगळं दाखवलं. शेठनी स्वतः तार कपात बुडवून आकडा बघितला. म्हणाले, "झुलालला परत कामावर बोलव." ड्रायव्हरचं काम माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते नंतर बघू म्हणाले. ते बरोबरच आहे.

भाऊजींनी यावंच असं मी म्हणणार नाही. खोलीच्या भिंतीला हात लावून त्यांनी जे ओळखलं ते खरं होतं, हे त्यांना तुझ्या तोंडून नव्हे, माझ्या तोंडून कळावं. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. तोवर हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

आठवत असूनही गप्प राहिलेला,
तुझा धाकटा भाऊ
लीलाधर